गाभा उत्तर देत नाही

२२ सप्टेंबर

मिरच्या भाजल्याचा धूर अंगणातून वर आलाय आणि माझ्या सगळ्या कपड्यांना लागलाय. सासरे सकाळपासून पत्र्याच्या चुलीवर तांबड्या मिरच्या भाजतायत. आयवार, म्हणजे हिवाळ्यासाठी भरून ठेवायचं मिरच्यांचं वाटण, दरवर्षी होतं तेवढंच, पोतंभर मिरच्यांचं. मी खिडकीतून म्हटलं, "बाबा, खाणारे दोघंच आहोत आपण." ते वर न बघता म्हणाले, "हिवाळा मोठा असतो."

माझ्या बायकोला, वेर्काला, परदेशी मारिबोरला जाऊन वर्ष झालं. तिथल्या इस्पितळात ती नर्स आहे, आमची मुलगी इस्क्रा तिच्याजवळ आहे, तिसरीत. माझेही तिथे राहायचे कागद झालेत. अडलंय ते फक्त प्रोग्रामचं. काल फोनवर वेर्का म्हणाली, "नेमकं काय अडतं ते रोज लिहून ठेवत जा. मला नको सांगूस, तुलाच कळू दे." म्हणून हे लिहिणं.

प्रोग्रामचं नाव क्रोय. कापड बेतायचा. आमच्या श्टिपमधल्या निम्म्या शिलाई कारखान्यांत तोच चालतो. शर्टाचे तुकडे कापडावर असे मांडून देतो की कतरण कमीत कमी निघावी, आणि मग ती मांडणी कटिंग मशीनला पाठवतो. त्याचा गाभा सासऱ्यांचा, पास्कल या जुन्या भाषेत लिहिलेला. मोठी कापडगिरणी बंद पडली आणि घरी बसावं लागलं, तेव्हाचा. तुकडे मांडायचं डोकं आमच्याबरोबर काम करणाऱ्या द्रागीनं सी-प्लस-प्लसमध्ये लिहिलं आणि तो जर्मनीला निघून गेला. वेगवेगळ्या मशीनना जोडून देणारी प्लग-इनं मी पायथनमध्ये लिहिली. आजवर ही तीन कामं तीन विंडोत चालायची आणि कारखान्यातल्या बायका फाइली इकडून तिकडे टाकत बसायच्या. आता सगळं एका छपराखाली आणायचंय. एक विंडो, एक बटण. ते झालं की सासरे एकटे सांभाळतील आणि मी मोकळा.

दहा ऑक्टोबरचं तिकीट काढलंय. स्वयंपाकघरातल्या कॅलेंडरवर त्या तारखेभोवती सासऱ्यांनी स्वतःच गोल काढला.

३० सप्टेंबर

आठवडाभर प्रोग्राम एकाच जागी कोसळत होता. आज सापडलं.

द्रागीचा कोड कधीकधी शून्याने भागतो. दोन तुकडे एकमेकांना अगदी चिकटले की तसं होतं. त्याची भाषा अशा वेळी खांदे उडवते, 'अनंत' असं काहीतरी लिहून पुढे जाते आणि नंतर ते आकडे टाकून देते. सासऱ्यांचं पास्कल मात्र सुरू होतानाच प्रोसेसरला दम देऊन ठेवतं: शून्याने भागताना कोणी दिसला की जागच्या जागी थांबव. वेगळी बिऱ्हाडं होती तोवर दोघंही सुखात होते. एका छपराखाली आल्याबरोबर पास्कलचा दम द्रागीलाही लागू झाला.

खाली जाऊन सासऱ्यांना सांगितलं. ते खूश झाले.

"बरोबरच आहे. माझ्या घरात शून्याने भागायचं नाही."

"पण बाबा, त्यानं काही बिघडत नाही. तो आकडा वापरतच नाही पुढे."

"आज वापरत नाही."

शेवटी तोड काढली. द्रागीच्या दारात शिरताना दम काढून घ्यायचा, बाहेर पडताना परत लावायचा. थोड्याशा ओळींचं काम. सासऱ्यांना ते आवडलं नाही, पण चालतंय. दिवसभर चालतंय.

९ ऑक्टोबर

बॅग भरून दाराशी ठेवली होती. दुपारी शेवटची चाचणी घेतली तर कापलेल्या तुकड्यांवर चिकटवायच्या लेबलांवर अक्षरांऐवजी सगळी प्रश्नचिन्हं. माप नाही, गिऱ्हाइकाचं नाव नाही. बाहीवर प्रश्नचिन्ह, कॉलरवर प्रश्नचिन्ह. आणि चौथ्या-पाचव्या लेबलानंतर अख्खी विंडोच गायब.

खाली गेलो. सासरे चष्मा पुसत होते.

"गाभ्यात काही बदललंत का?"

"काल जरा झाडलोट केली. अक्षरं साठवायची जुनी रीत काढून नवी घातली. कधीतरी करायचीच होती."

"नेमकी काल?"

"धूळ काय तारीख बघून बसते का?"

झाडलोट चांगली आहे, नाही म्हणवत नाही. पण अक्षरं जिथे जिथे एका भाषेतून दुसरीत जातात ती प्रत्येक जागा आता पुन्हा शिवावी लागेल. वर मेमरीचा घोळ. मेमरी ज्यानं मागून घेतली त्यानंच ती परत करायची असते. नव्या रीतीत ती घेतंय पास्कल आणि सोडून देतंय पायथन. अशा स्थितीत टाकून जाता येत नाही. तिकीट रद्द केलं.

वेर्काचा फोन. "या वेळी बाबांनी काय मोडलं?"

"मोडलं नाही गं. नीटच करत होते. वय झालंय आता, एक नीट करताना दुसऱ्याकडे लक्ष राहत नाही."

ती म्हणाली, "इस्क्रानं दारावर तुझ्यासाठी चित्र लावलंय. ते काढू की राहू दे?"

राहू दे म्हटलं.

संध्याकाळी सासऱ्यांनी स्वतः पीठ मळून पास्त्रमायलिया, म्हणजे मांस घातलेली रोटी, केली, वर अंडं फोडून, मला आवडते तशी. स्वतःच पेल्यांत राकिया, घरची दारू, ओतली. गिरणीतल्या जुन्या गोष्टी सांगत बसले. इतके मोकळे ते सासूबाई गेल्यापासून दिसले नव्हते. माणूस चूक झाली की खट्टू होतो, यांचं उलटं. मला मात्र आज गाढ झोप येणार असं वाटतंय. थकवा.

३ नोव्हेंबर

लेबलं जमली. प्रत्येक अक्षर नीट, आपल्या भाषेतल्या ѓ आणि ќ सकट.

मारिबोरच्या एका कंपनीनं कॅमेऱ्यावर मुलाखत घेतली. माझ्यापेक्षा बरीच लहान मुलगी होती. तिनं विचारलं, "तुमची मुख्य भाषा कोणती?" मी म्हटलं, तिन्ही थोड्या थोड्या येतात. "मग तुम्ही नेमकं काय लिहिता?" मी म्हटलं, सांधे. एका भाषेतलं दुसरीला कळेल असं करतो. तिनं काहीतरी टिपून घेतलं आणि कळवते म्हणाली.

इथे मला कोणी असं विचारत नाही. इथे रस्त्यात भेटला तो हात हलवून म्हणतो, ग्लिगोर, आमचं मशीन बघून जा की.

१६ नोव्हेंबर

इस्क्रा फोनवर बोलताना मध्येच स्लोव्हेनियन शब्द घालते. मी "काय?" म्हटलं की उसासा टाकून आपल्या भाषेत सांगते. आज सांगायचा कंटाळा आला. "जाऊ दे ना बाबा, आईला माहितीय," म्हणाली.

नवं तिकीट: २८ नोव्हेंबर. कॅलेंडरवर दुसरा गोल.

२७ नोव्हेंबर

आजच्यासारखा दिवस पुन्हा नको.

सकाळी लेन्काताईचा फोन. गावाच्या खालच्या अंगाला तिचा शिलाईचा कारखाना आहे, हाताखाली चाळीसेक बायका. नवा क्रोय वापरायला ती सगळ्यात आधी तयार झाली, माझ्या शब्दावर. फोनवर ती ओरडली नाही. एरवी ती ओरडूनच बोलते.

"ग्लिगोर, पोरा, कपडे घाल आणि ये."

गेलो. टेबलावर निळ्या पट्ट्यांचं कापड, कापून झालेलं, थरावर थर. तिनं वरचे दोन पुढचे भाग उचलले आणि माझ्या छातीला लावले.

"काज कुठल्या बाजूला येतंय?"

मी खाली पाहिलं. काजपट्टी उजवीकडे आली होती.

"आणि तुझ्या अंगातल्या शर्टाला?"

"डावीकडे."

"मी पुरुषांच्या शर्टांची ऑर्डर घेतलीय. जर्मनीला जायचेत. मी जर्मनांना काय सांगू, बायकोच्या बाजूने बटणं लावून बघा म्हणून?"

अख्खी मांडणी आरशात पाहिल्यासारखी उलटी कापली गेली होती. माप बरोबर, कतरण कमी, कडा सुरेख, सगळं उलटं. पडद्यावर सुलटं दिसत होतं, म्हणून कापेपर्यंत कुणाला कळलं नाही. बायका मशीन थांबवून आमच्याकडे बघत होत्या. एक हसली, तर दुसरीनं तिला कोपरानं ढोसलं.

घरी येऊन गाभा उघडला. उभं माप सासऱ्यांचा गाभा पहिल्यापासून वरून खाली मोजायचा आणि कटिंग मशीन खालून वर मोजतं, म्हणून माझं प्लग-इन जाताजाता ते उलटवतं. परवा सासऱ्यांनी गाभाच खालून वर मोजायला लावला. म्हणजे आधीच सुलटं झालेलं माप माझं प्लग-इन पुन्हा उलटं करत बसलं.

मी आवाज चढवला. इतक्या वर्षांत पहिल्यांदा.

"मला सांगायचं तरी."

"शाळेत आलेख खालून वरच काढतात. मी तीस वर्षं चुकीचं मोजत होतो."

"तीस वर्षं मोजलंत ना? मग आणखी एक आठवडा?"

ते खुर्चीत बसले. चेहरा पांढरा पडला होता. "कापडापर्यंत जाईल असं वाटलं नव्हतं," म्हणाले. "पडद्यावरच कळेल, तू बघशील, असं वाटलं." मग उठून कोट घातला आणि लेन्काताईकडे गेले, पायी, चढ-उतारावरून, तिची माफी मागायला. मी त्यांना जाऊ दिलं.

बस उद्या सकाळची होती. इथे हे असं असताना कसा जाऊ?

२८ नोव्हेंबर

वेर्काला सांगितलं. ती म्हणाली, "हं." दुसरं काही नाही. चित्राचंही तिनं विचारलं नाही.

५ डिसेंबर

लेन्काताईच्या बायकांनी नवं कापड आणून, रविवारीही बसून ऑर्डर पुरी केली. मी आणि सासरे तिथेच होतो, मी मशीनपाशी, ते चहा-कॉफी करत. उलटे कापलेले शर्टही तिनं शिवून घेतले आणि बायकांना वाटून टाकले. आता गावात जिकडे बघावं तिकडे खांद्यावरून घसरणारे निळ्या पट्ट्यांचे शर्ट घालून बायका फिरतायत. बाजारात एकीनं मला थांबवलं. "ग्लिगोर, पुढच्या वेळी पँटी उलट्या काप. नवऱ्याला बसेनाशा झाल्यात."

मी हसलो. नंतर बराच वेळ भाजीच्या दुकानाशी उभा राहिलो. सगळं गाव मला ओळखतं आणि मला कुठेच जाता येत नाही, असं काहीतरी मनात येत होतं. नीट मांडता येत नाही.

१९ डिसेंबर

आज निकोल्देन, या घराचा सण. दार दिवसभर उघडं, येणारा प्रत्येक जण मासा आणि पाव खाऊन जातो. वेर्का आणि इस्क्रा काल आल्या. इस्क्रा इतकी उंच झालीय की तिला उचलताना माझाच अंदाज चुकला.

पाहुण्यांची वर्दळ कमी झाल्यावर वेर्का सासऱ्यांच्या कामाच्या खोलीत गेली आणि दार लोटून घेतलं. मी रिकामे पेले घेऊन तिथून जात होतो. वेर्काचा आवाज ऐकू आला, "तो अजून किती वेळा मोडाल, बाबा?" प्रोग्रामबद्दल बोलत असावी. सासऱ्यांचं उत्तर ऐकू आलं नाही. बाहेर आली तेव्हा तिचे डोळे लाल होते. म्हणाली, कांद्यानं. कांदा तर सकाळीच चिरून झाला होता.

२३ डिसेंबर

दोघींना बसवर सोडून आलो. इस्क्रा खिडकीशी बसून कानात इअरफोन घालत होती. वेर्का बसच्या पायरीवर थांबली.

"एक विचारू? तू इथे अडकलायस की लपलायस?"

"तुला प्रोग्राम म्हणजे काय ते माहीत नाही," मी म्हटलं.

"मी त्याच घरात वाढले, ग्लिगोर. ज्या टेबलावर तो लिहिला त्याच टेबलावर मी अभ्यास करायची."

मी चिडलो होतो. बस गेल्यावरही चिडलेलाच होतो. मग घरी येऊन तिच्या प्रश्नावर नाही, पण दुसऱ्याच गोष्टीवर विचार करत बसलो. तिघांना एका खोलीत कोंबायचं मुळात कशासाठी? विंडो एक दिसली म्हणजे झालं. आत खोल्या वेगळ्या का नसाव्यात?

१२ जानेवारी

होतंय.

आता गाभा वेगळा चालतो, स्वतंत्र प्रोग्राम म्हणून, स्वतःच्या मेमरीत. द्रागीचं डोकं वेगळं, माझी प्लग-इनं वेगळी. एकमेकांच्या घरात कोणी शिरत नाही. भिंतीच्या फटीतून चिठ्ठी सरकवायची, 'ही मांडणी कर', आणि उत्तराची वाट बघायची. चिठ्ठीत काय असेल ते एकदा ठरवून टाकलंय: अक्षरं अशी, माप मिलिमीटरमध्ये, शून्य कुठल्या कोपऱ्यात, वर म्हणजे कुठे. ज्यानं त्यानं आपापल्या घरात शून्याने भागावं नाहीतर भागू नये.

सासऱ्यांनी पाहिलं. "हळू झालं," म्हणाले.

"कळेल न कळेल इतकंच."

"मला कळलं."

२६ जानेवारी

आज सगळं जोडून त्यांना दाखवलं. लेन्काताईची एक मोठी मांडणी उघडली आणि म्हटलं, आता बघा. चालू असलेल्या कामांच्या यादीत गेलो आणि गाभा मारून टाकला. पूर्वी अशाने अख्खी विंडो पडली असती, बाईचं तासाभराचं काम घेऊन. आता विंडो जागेवर राहिली. शर्टाचे तुकडे जिथल्या तिथे. मध्ये एक छोटी चौकट आली: *गाभा उत्तर देत नाही. पुन्हा सुरू करायचा?*

सासऱ्यांनी चष्मा चढवून चौकट वाचली.

"म्हणजे मी मेलो तरी विंडो उघडी राहणार."

"तुम्ही नाही बाबा. गाभा."

"तेच."

मग म्हणाले, "हे वाक्य तू लिहिलंस?"

"हो."

"'उत्तर देत नाही.' जरा कडक आहे."

"बदलू का?"

"नको. खरं आहे." त्यांनी माऊस मागून घेतला. "कुठलं बटण?" मी दाखवलं. त्यांनी दाबलं आणि गाभा पुन्हा उठला, चिठ्ठ्या वाचून जिथे थांबला होता तिथून कामाला लागला.

मला फार आनंद झाला होता. मी म्हटलं, "बघा, आता तुम्ही आत काहीही बदला. चिठ्ठी ठरल्याप्रमाणे आली की झालं. बाहेर कुणाला कळणारसुद्धा नाही."

"कळणारसुद्धा नाही," ते म्हणाले आणि शेगडीत लाकूड घालायला उठले. शेगडी भरलेलीच होती.

मला वाटलं होतं ते कौतुक करतील.

१८ फेब्रुवारी

तिकीट १ मार्चचं. कॅलेंडरवर गोल मीच काढला.

सगळ्या कारखान्यांत नवा क्रोय बसला. तक्रार नाही. सकाळी लेन्काताईला फोन केला, सगळं ठीक ना? ठीक म्हणाली. दुपारी वाटलं, तिनं मोठ्या मापाची मांडणी करून पाहिली नसेल, म्हणून परत केला.

"पोरा, तुझा फोन वाजला की माझ्या बायका आपापल्या शर्टाची बटणं तपासतात. ठीक आहे सगळं. जा आता."

रोज सकाळी गाभ्यातले बदल बघतो. निकोल्देनपासून सासऱ्यांनी एकाही ओळीला हात लावलेला नाही. ते अंगणात द्राक्षवेल छाटत असतात.

मारिबोरच्या कंपनीनं पत्र पाठवलंय. तीन महिने कामावर घेऊन बघतील. सुरुवात मार्चमध्ये.

२८ फेब्रुवारी

सकाळी एक गोष्ट लक्षात आली. मखमल. मखमलीची लव एका दिशेनं असते, तुकडा उलटा फिरवून मांडला तर शिवल्यावर रंग वेगळा दिसतो. क्रोयला ते माहीतच नाही. श्टिपमध्ये मखमल कोणी शिवत नाही हे खरं, पण उद्या कोणी घेतली तर? करायलाच हवं, पंधरवड्याचं काम आहे. जेवताना सासऱ्यांना म्हटलं, तिकीट जरा पुढे ढकलतो.

त्यांनी ताट उचलून ठेवलं. थोड्या वेळानं जिना चढल्याचा आवाज आला. एरवी ते वर येत नाहीत, गुडघे दुखतात. सरळ आले, कपाटावरची बॅग खाली काढली आणि माझे शर्ट एकेक करून तिच्यात ठेवायला लागले. घड्या सुरेख घालत होते, दुकानातल्यासारख्या, कॉलर वर.

"बाबा, मखमलीचं राहिलंय."

"मखमल कोण शिवतंय?"

"शिवेल कोणी."

"तेव्हा मी लिहीन."

मी म्हटलं, तुम्हाला पायथन येत नाही. ते म्हणाले, शिकेन, हिवाळा मोठा असतो. मग हात थांबला.

"या वेळी माझ्याकडून काही नाही, ग्लिगोर. बघून घे हवं तर."

"मी बघतो रोज. तुमच्यावर कोण संशय घेतंय?"

ते पलंगावर बसले आणि माझ्याकडे बघत राहिले. काहीतरी सांगणार असं वाटलं. मग हातातल्या शर्टाची घडी मोडली, परत घातली, ठेवून दिली.

"बस किती वाजताची?"

सांगितलं. म्हणाले, मी येतो सोडायला. सध्या हवा बरी आहे, चालत जाऊ.

१० मार्च, मारिबोर

स्वयंपाकघर एवढंसं आहे. तिघं एकदम उभे राहिलो तर फ्रिज उघडत नाही. खिडकीतून समोरच्या इमारतीची भिंत दिसते. इस्क्रा माझे स्लोव्हेनियन उच्चार दुरुस्त करते आणि चुकलो की आईकडे बघून हसते. दारावर चित्र नाही, चिकटपट्टीच्या खुणा आहेत. कंपनीत मला एकच भाषा दिलीय. दिवसभर तिच्यातच बसायचं. संध्याकाळी बोलून थकल्यासारखा जबडा दुखतो. वेर्का रात्रपाळीहून येते तेव्हा मी निघायच्या तयारीत असतो. पण दाराशी आम्ही भेटतो, रोज, आणि ती माझ्या कॉलरला हात लावून बघते, नीट आहे की नाही.

आज कामावर निघताना सासऱ्यांचा फोन आला. माझा हात लगेच बॅगेकडे गेला, लॅपटॉप काढायला.

"काय झालं बाबा?"

"ती चौकट आली. गाभा उत्तर देत नाही म्हणून."

"कुणाकडे? लेन्काताईकडे?"

"नाही. माझ्याकडेच. असाच चालू करून बसलो होतो."

"मग?"

"मग काय, बटण दाबलं. उठला. कामाला लागला."

"शून्याने भागलं असेल कुठेतरी. मी संध्याकाळी बघतो."

"बघायचं काही नाही. चालतंय."

पलीकडे शेगडीत लाकूड तडतडल्याचा आवाज आला. वेर्का कोट न काढता दाराशी उभी होती.

"मग फोन का केलात, बाबा?" मी विचारलं.

शेगडीचं दार लावल्याचा आवाज आला.

"असंच."